युवराज दिवाकरसेन : वाकाटकांचा न झालेला राजा (थ्रेड)

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे तांब्याचे दोन जुने पत्रे होते. कुटुंब मूळचे अहमदनगरचे. जुने तांबे ज्या घरात येते ते बहुधा वितळून हंडा किंवा घागर होऊनच बाहेर पडते. हे पत्रे मात्र जसेच्या तसे राहिले. १९१२ मध्ये का. बा. पाठक यांनी त्यांवरील मजकुराची वार्ता विद्वानांपुढे ठेवली. पुढे पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी त्याचे संपादन केले. आज हा लेख ‘प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो.

ताम्रपट पुण्यात सापडला, पण त्यातील गाव, राजधानी आणि माणसे सगळी विदर्भातील आहेत. त्यातच एका मुलाचे नाव येते : युवराज श्रीदिवाकरसेन.

या मुलाविषयी उपलब्ध असलेला प्रत्यक्ष पुरावा एवढाच. त्याची नाणी नाहीत, त्याने दिलेले दान नाही, त्याच्या जन्माची वा मृत्यूची नोंद नाही. तरीही तो ज्या गादीचा वारस होता ती गादी त्या काळच्या भारतातील दोन-तीन बलाढ्य सत्तांपैकी एक होती, आणि त्याचा आजोबा उत्तर भारताचा सम्राट होता.

प्रथम घराण्याविषयी. वाकाटक म्हटले की बहुतेकांना अजिंठा आठवतो. तेथील १६ क्रमांकाचे लेणे हरिषेण या वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याने खोदविले. पण हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशिमचा. आपला युवराज थोरल्या शाखेचा. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास विंध्यशक्तीने हे घराणे उभे केले. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ हे बिरुद घेतले. वाकाटकांत हे बिरुद त्याच्याआधी वा नंतर कोणी घेतले नाही. त्याच्या पश्चात राज्य मुलांत वाटले गेले. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाच्या हयातीतच वारला असावा, कारण त्याच्या नावामागे राजपद दिसत नाही. गादीवर नातू पहिला रुद्रसेन आला, त्यानंतर पृथिवीषेण आणि मग दुसरा रुद्रसेन. हा दुसरा रुद्रसेन म्हणजे दिवाकरसेनाचे वडील.

गौतमीपुत्राचे नाव ध्यानात ठेवावे. तो पुढे लागणार आहे.

पृथिवीषेणाच्या काळात उत्तरेत गुप्तांची सत्ता वाढत होती. समुद्रगुप्ताचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त याने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली. तिची आई कुबेरनागा नाग कुळातील होती. हा विवाह केवळ सोयरिकीपुरता नव्हता, हे १९१४ मध्ये विन्सेंट स्मिथ यांनी दाखवून दिले. माळवा आणि गुजरातेत शक क्षत्रपांचे राज्य होते. गुप्तांना तिकडे सैन्य न्यायचे तर दख्खनच्या उत्तर अंगाला बसलेला वाकाटक राजा मित्र असणे अत्यावश्यक होते. तो शत्रू असता तर स्वारीची एक बाजू कायम उघडी राहिली असती.

रुद्रसेनाचे राज्य फार काळ टिकले नाही. नागपूर जिल्ह्यातील मांढळ येथे त्याचा पाचव्या राज्यवर्षाचा ताम्रपट मिळाला आहे, म्हणजे निदान तेवढी वर्षे तो गादीवर होता. त्यानंतर लवकरच तो वारला. मागे तरुण विधवा राणी आणि लहान मुले राहिली. थोरल्याचे नाव दिवाकरसेन.

येथे कालगणनेचा घोळ सांगणे भाग आहे. वाकाटक आपल्या लेखांत कोणत्याही चालू शकाचा वा संवताचा उल्लेख सहसा करीत नाहीत. त्यांच्या लेखांत केवळ राज्यवर्षे असतात. म्हणून रुद्रसेनाचा मृत्यू काही अभ्यासक इसवी सन ३९० च्या सुमारास ठेवतात, तर वा. वि. मिराशी ४०५ च्या आसपास. पंधरा वर्षांचा हा फरक क्षुल्लक नाही. पहिला आकडा धरला तर दिवाकरसेनाचे सारे बालपण चंद्रगुप्ताच्या शकांवरील मोहिमेच्या काळात जाते. गुप्त संवत् ८२ चा, म्हणजे ४०१-०२ चा उदयगिरीचा लेख सांगतो की त्या सुमारास विदिशेचा प्रदेश गुप्तांच्या अंमलाखाली होता. तेथून नंदिवर्धन काही आठवड्यांच्या वाटेवर. दुसरा आकडा धरला तर मोहिमेचा महत्त्वाचा भाग वडिलांच्याच हयातीत उरकलेला असतो आणि मुलाच्या वाट्याला शांत काळ येतो.

दोन्ही बाजूंना तर्क आहेत. एवढे मात्र निश्चित की बाप गेला तेव्हा मूल राज्याभिषेकाच्या वयाचे नव्हते आणि कारभार आईने हाती घेतला.

आता ताम्रपटाकडे.

ताम्रपटाबरोबरची मुद्रा सर्वांत बोलकी आहे. वाकाटकांच्या मुद्रांवर एक ठरीव श्लोक असे. त्याचा आशय असा की वाकाटकांचे भूषण असलेल्या, वंशक्रमाने राजलक्ष्मी प्राप्त झालेल्या अमुक राजाचे हे शासन शत्रूंना शासन करणारे आहे. पुढे दुसऱ्या प्रवरसेनाच्या मुद्रेवर हाच साचा त्याच्या नावासह दिसतो. पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर राजाच्या जागी येते ‘युवराजाच्या मातेचे’. आईचे नाव नाही, मुलाचेही नाव नाही. केवळ नाते. राजमुद्रा उमटवायला राजा लागतो, आणि राजा अजून मोठा व्हायचा आहे. मधली सारी वर्षे ही मुद्रा त्या एका नात्यावर चालली.

संस्कृतात ‘रीजंट’ या अर्थाचे पद त्या काळी रूढ नव्हते. म्हणून प्रभावतीगुप्तेला महाराज, महादेवी असे अधिकारदर्शक बिरुद या शासनात मिळत नाही. ती कोणाची मुलगी, कोणाची पट्टराणी आणि कोणाची आई एवढेच सांगितले जाते. तिच्या अधिकाराचा कायदेशीर आधार तो मुलगा होता.

पण प्रत्यक्ष मजकूर वाचू लागले की आणखी काहीतरी दिसते. कोणताही वाकाटक लेख वाकाटकांच्या वंशावळीने सुरू व्हावा ही अपेक्षा. हा सुरू होतो गुप्तांच्या वंशावळीने : घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, लिच्छवींचा दौहित्र समुद्रगुप्त, आणि दुसरा चंद्रगुप्त. मग त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता, जी स्वतःचे गोत्र ‘धारण’ सांगते. ते तिच्या माहेरचे. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. सासरच्या घराण्यातून केवळ पती रुद्रसेनाचा उल्लेख आहे, आणि तोही ‘महाराज’ म्हणून. वडिलांचा मात्र ‘महाराजाधिराज’ म्हणून.

म्हणजे वाकाटकांच्या वारसाच्या नावे निघालेल्या आज्ञापत्रात त्याचे आजोळ ओळीमागून ओळ व्यापते आणि बापाचे घराणे एका शब्दसमूहात आटोपते. चार अश्वमेध करणाऱ्या, पणजोबाच्या आजोबाला येथे जागाच नाही.

अक्षरवटिकाही तेच सांगते. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांवर अक्षरांच्या माथ्यावर छोट्या चौकोनी पेट्या असतात. येथे त्यांच्या जागी खिळ्याच्या डोक्यासारखे माथे आहेत. यावरून काहींनी असे अनुमान काढले की चंद्रगुप्ताने मुलीच्या मदतीला आपले लेखनिक आणि कारभारी पाठविले होते. अनुमान शक्य कोटीतील आहे. पण त्याच लेखात गुप्तांचा आद्य राजा घटोत्कच असल्याचे म्हटले आहे, आणि गुप्तांच्या स्वतःच्या लेखांत पहिले नाव घटोत्कचाच्या वडिलांचे, महाराज गुप्ताचे असते. पाटलिपुत्राच्या दरबारात मुरलेल्या लेखनिकाने ही चूक केली असती का, असा प्रश्न उरतोच. मजकूर नंदिवर्धनातच कोणीतरी ऐकीव माहितीवर रचला, असेही म्हणता येईल.

शासनाचा विषय साधा आहे. सुप्रतिष्ठ आहारातील दंगुण नावाचे गाव आचार्य चनालस्वामी यांना दान दिले. चतुःसीमा सांगितल्या आहेत : विलवणकाच्या पूर्वेस, शीर्षग्रामाच्या दक्षिणेस, कदापिंजनाच्या पश्चिमेस, सिदिविवरकाच्या उत्तरेस. मिराशींनी दंगुण म्हणजे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट असे मत मांडले. आज भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत कामाला आलेल्यांत हिंगणघाट, मोर्शी, रामटेक या बाजूची माणसे थोडी नाहीत. आपल्या तालुक्याचा एवढा जुना कागद, खरे तर एवढे जुने तांबे, पुण्यात सापडले होते हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल.

आज्ञा दिली आहे ती गावातील ब्राह्मणांना आणि ‘ग्रामकुटुंबी’ लोकांना, आणि तीही आधी त्यांचे कुशल विचारून. कुटुंबी म्हणजे कसणारे गृहस्थ. आपला ‘कुणबी’ शब्द याच शब्दापासून आल्याचे बहुतेक भाषाभ्यासक मानतात.

मग सवलती येतात. या गावात सैनिकांनी शिरू नये. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांसाठी गवत, बसायला कातडी, कोळसा गावाने पुरवू नये. मद्यासाठी लागणारे किण्व आणि मिठाच्या खाणी यांवरील राजाचा हक्क येथे लागू नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले तर तेही दान घेणाऱ्याचे. ही यादी उलट वाचली की सवलत नसलेल्या शेजारच्या गावांना एरवी काय काय पुरवावे लागत असे ते कळते. राजा लहान आहे म्हणून कोतवाल, शिपाई आणि करवसुली थांबलेली नव्हती. राज्ययंत्रणा व्यवस्थित चालू होती.

तिथी आहे कार्तिक शुद्ध द्वादशी. आदल्या दिवशी प्रबोधिनी एकादशी. देव चार महिन्यांच्या निद्रेतून उठतो आणि बारशीला उपवास सुटतो. प्रभावतीगुप्ता स्वतःला भगवंताची परम भक्त म्हणविते, आणि हे दान तिने आधी भगवंताच्या चरणी अर्पण करून मग दिले. महाराष्ट्रात कार्तिकी एकादशीचे व्रत पाळणाऱ्या घरांना हा क्रम समजावून सांगण्याची गरज नाही. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या राणीने बारशीच्या पारण्याच्या दिवशी दान दिले.

शेवटी वर्ष : तेरावे. आणि ते कोरणाऱ्याचे नाव : चक्रदास.

तेरावे वर्ष कोणाचे? राज्याभिषेक झालेला राजा नसल्यामुळे हे वर्ष युवराजाच्या नावाने चाललेल्या कारभाराचे मोजले पाहिजे. म्हणजे बाप जाऊन तेरावे वर्ष चालू आहे आणि मुलगा अजून युवराजच आहे. तो बापाच्या मृत्यूच्या सुमारास जन्मला असे धरले तरी या दिवशी तो बारा-तेरा वर्षांचा. अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज असा की बाप गेला तेव्हा तो पाचेक वर्षांचा असावा. तसे असेल तर आता तो सतरा-अठराचा झाला.

येथे एक शंका नेहमी उपस्थित केली जाते. अठराव्या वर्षीही गादी दिली नाही म्हणजे आईला सत्ता सोडायची नव्हती, असे म्हटले जाते. समाजमाध्यमांवर तर याच्यापुढे जाऊन मुलाचा काटा काढल्याच्या कथाही रचल्या जातात. पुराव्यात याला आधार नाही. धर्मशास्त्राप्रमाणे सोळाव्या वर्षी व्यवहाराचे वय होते हे खरे, पण राज्याभिषेक त्याच वयात करावा असा दंडक नव्हता. कलिंगाच्या खारवेलाचा हाथीगुंफा लेख सांगतो की तो पंधराव्या वर्षी युवराज झाला, नऊ वर्षे त्या पदावर राहिला आणि चोविसावे वर्ष पुरे झाल्यावर त्याला अभिषेक झाला. वेगळा प्रदेश, वेगळे शतक. पण युवराजपदाची दीर्घ उमेदवारी ही काही विपरीत गोष्ट नव्हती एवढे त्यावरून दिसते.

यानंतर दिवाकरसेन दिसत नाही.

पुढचा महत्त्वाचा लेख अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. गोविंदप्रभूंमुळे महानुभावांना पूज्य असलेले तेच रिद्धपूर. हा ताम्रपटही प्रभावतीगुप्तेचाच, रामगिरीस्वामीच्या पायथ्याहून, म्हणजे रामटेकहून दिलेला. वर्ष मात्र आता दुसऱ्या प्रवरसेनाच्या कारकिर्दीचे एकोणिसावे. त्यात ती स्वतःला ‘वाकाटकांचे महाराज श्रीदामोदरसेन आणि प्रवरसेन यांची माता’ म्हणविते.

दिवाकरसेनाचे नाव नाही.

ज्याच्या आईपणावर एकेकाळी राजमुद्रा चालत होती, त्याचा उल्लेख आईच्याच लेखात गळावा हे प्रथमदर्शनी खटकते. पण शब्द काटेकोर वाचावेत. ती सर्व मुलांची नावे सांगत नाही, ‘महाराज’ झालेल्या मुलांची सांगते. दिवाकरसेन महाराज झालाच नाही. यावरून सर्वांत सरळ निष्कर्ष निघतो तो असा की तेराव्या वर्षानंतर, अभिषेकापूर्वी, तो मरण पावला. वय विशीच्या आत-बाहेर. कारण अज्ञात.

दामोदरसेनाविषयीही वाद होता. मिराशींचे मत असे की दामोदरसेन आणि प्रवरसेन ही एकाच व्यक्तीची नावे. अभिषेकाच्या वेळी त्याने पूर्वजाचे, सम्राट प्रवरसेनाचे नाव धारण केले. भंडारा जिल्ह्यात मिरेगाव येथे सापडलेल्या ताम्रपटाने हा प्रश्न बराचसा मिटविला. तोही प्रभावतीगुप्तेचा, प्रवरसेनाच्या विसाव्या वर्षाचा. त्याच्या मुद्रेवर ती दोन पराक्रमी वाकाटक राजांची माता म्हणून येते, आणि तेथे संस्कृतातील द्विवचन वापरले आहे. द्विवचनाला पर्यायी अर्थ लावता येत नाही. राजे दोन होते.

म्हणजे चित्र असे : थोरला मुलगा युवराज असताना गेला. मधला राजा झाला आणि त्याचा स्वतःचा एकही लेख आजवर मिळालेला नाही, त्यामुळे त्याची कारकीर्दही अल्पच असावी. धाकटा प्रवरसेन मात्र तीसेक वर्षे राज्य करून गेला. त्याने प्रवरपूर वसविले आणि महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ रचले. आईने पतीचा मृत्यू पाहिला, थोरल्याचा पाहिला, बहुधा मधल्याचाही. आणि धाकट्याच्या विसाव्या वर्षापर्यंत ती हयात होती. रिद्धपूरच्या लेखात तिच्याविषयी शंभराहून अधिक वर्षांचा निर्देश करणारा एक शब्दप्रयोग आहे. त्यावरून ती खरोखरच शतायुषी होती की तो केवळ आशीर्वादपर प्रयोग आहे, यावर विद्वानांत एकमत नाही. दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो, कारण पहिला घेतला तर प्रवरसेनाचा जन्म तिच्या उतारवयात न्यावा लागतो.

आता गौतमीपुत्राकडे परत यावे. तोही गादीवर न बसलेला वारस. पण प्रवरसेनाच्या प्रत्येक ताम्रपटातील वंशावळीत त्याचे नाव येते, कारण वंश त्याच्या मुलातून पुढे गेला. दिवाकरसेनाला मूल असल्याचा पुरावा नाही. प्रवरसेनाची वंशावळ रुद्रसेनावरून थेट प्रवरसेनावर येते. थोरला भाऊ नाही आणि राजा झालेला मधला भाऊही नाही. ताम्रपटातील वंशावळ ही कुटुंबाची आठवण जपण्यासाठी लिहिली जात नसे. दान देणाऱ्याचा हक्क कोठून आला ते दाखविणे हे तिचे काम. ज्याच्यातून हक्क वाहत आला नाही, त्याचे नाव त्यात नको.

म्हणून तो पुण्याचा ताम्रपट वितळला असता तर दिवाकरसेन नावाचा मुलगा होऊन गेला हे आज कोणालाही कळले नसते.

आणि केवळ तोच नव्हे. वाकाटकांचा काळही कदाचित बराच काळ चुकीचाच राहिला असता. प्रवरसेनाच्या चम्मक आणि शिवनी येथील ताम्रपटांत त्याच्या आईचा पिता ‘महाराजाधिराज देवगुप्त’ असल्याचे म्हटले आहे. फ्लीट यांनी १८८८ मध्ये हे ताम्रपट संपादित केले तेव्हा हा देवगुप्त कोण असा प्रश्न होता. मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांत त्या नावाचा राजा आहे, सातव्या शतकाच्या अखेरीचा. फ्लीट यांनी तोच धरला आणि वाकाटक आठव्या शतकाच्या उंबरठ्यावर जाऊन बसले. अक्षरवटिकेवरून काहींना ते पटत नव्हते, पण निर्णायक पुरावा नव्हता. पुणे ताम्रपटाने प्रभावतीगुप्तेचा बाप समुद्रगुप्ताचा मुलगा चंद्रगुप्त असल्याचे स्वच्छ सांगितले. देवगुप्त हे त्याचेच दुसरे नाव. सांचीच्या गुप्त संवत् ९३ च्या लेखातही चंद्रगुप्ताचे ‘देवराज’ हे नाव येते. एका झटक्यात घराणे जवळजवळ तीन शतके मागे, आपल्या खऱ्या जागी आले. आजोळची जी लांबलचक वंशावळ वाकाटकांच्या दृष्टीने अप्रस्तुत होती, तिच्यामुळेच हे झाले.

एका लोकप्रिय समजुतीविषयीही दोन शब्द. चंद्रगुप्ताने कालिदासाला नंदिवर्धनास पाठविले आणि त्याने या राजपुत्रांना शिकविले, असे विदर्भात पुष्कळदा ऐकू येते. ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवर राहतो, रामगिरी म्हणजे रामटेक, आणि रामटेकच्या पायथ्याशी नंदिवर्धन, या दुव्यांवर ती कल्पना उभी आहे. कल्पना मोहक आहे. दिवाकरसेनाच्या हाती कालिदासाने लेखणी दिली असे चित्र कोणालाही आवडेल. पण समकालीन लेखांत त्याचा मागमूस नाही, आणि कोऱ्या जागेत थोर माणसे आणून बसविणे ही इतिहासाची रीत नव्हे.

बालवारसाच्या नावाने आईने राज्य सांभाळण्याची महाराष्ट्रातील ही पहिली वेळही नव्हे. चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत जाऊन जुन्नरकडे वळले की पुढे नाणेघाट लागतो. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. पतीसह केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद त्यात आहे. ती वेदिश्री या कुमाराची आई म्हणून येते आणि पतीच्या पश्चात तिने मुलासाठी कारभार पाहिला असे मानले जाते. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत, पायांचे अवशेष आणि वरची नावे उरली आहेत. त्यांत कुमारही आहेत. प्रभावतीगुप्तेच्या चार-साडेचार शतके आधीची ही गोष्ट.

आणि पुणेकरांना अधिक जवळचे उदाहरण सवाई माधवरावांचे. पुरंदरावर जन्मलेल्या त्या मुलाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, एकविसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्याभोवती पत्रे, बखरी, हिशेब, चित्रे यांचा डोंगर आहे. त्याचे लग्न कोणाशी झाले, त्याला कशाचा छंद होता, नाना फडणविसांशी त्याचे कसे पटे, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. दिवाकरसेनाचे आयुष्यही बहुधा तेवढेच, पदही तसेच, त्याच्या नावाने दुसऱ्यानेच राज्य चालविलेले. फरक लेखनसामग्रीचा आहे. पेशवाईचा कागद टिकला. नंदिवर्धनाचे भूर्जपत्र वा ताडपत्र टिकले नाही. तांबे तेवढे टिकले, आणि तांब्यावर जमिनीचे दानच कोरले जाई.

अलीकडे जमिनीखालूनही काही हाती आले आहे. रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंह मंदिरात १९८० च्या दशकात चुन्याच्या थरांखालून एक मोठा शिलालेख उघडकीस आला. तो फार झिजलेला आहे. प्रभावतीगुप्तेच्या मुलांपैकी कोणीतरी तिच्या पुण्यार्थ बांधलेल्या देवालयाचा त्यात संदर्भ आहे. तिच्या एका मुलीचे घटोत्कच नावाच्या गुप्त राजपुत्राशी लग्न झाले आणि पुढे भावाने तिला परत आणले, असेही काही अभ्यासक त्यात वाचतात. तसे असेल तर दिवाकरसेनाला एक बहीण होती आणि तिचे आयुष्य भावापेक्षा बरेच अधिक वादळी गेले.

२०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्या सहभागाने नगरधन येथे उत्खनन झाले. त्यात मातीची एक छोटी मुद्रांकित गोळी मिळाली. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव. ताम्रपटाच्या मुद्रेवर ती ‘युवराजाची माता’ एवढीच होती. येथे ती स्वतःच्या नावाने आहे, आणि कोणाची आई ते लिहिलेले नाही.